लोणारचं विवर मोबाइलवर फिरवायचं, तर ब्राउझरची गती कुठं अडते?

"सर, हे तं हालूनच नाही राह्यलं."

नववीतल्या एका मुलीनं तिच्या वडिलांचा मोबाइल माझ्यापुढं धरला. पडद्यावर लोणारचं विवर होतं, त्रिमितीतलं, बोटानं फिरवून चारी बाजूंनी बघता येईल असं. महिनाभर रात्री बसून मी ते तयार केलं होतं. तिनं बोट सरकवलं, पण विवर जागचं हललं नाही. दोन-तीन सेकंदांनी एकदम गचका बसला आणि ते भलतीकडंच तोंड करून उभं राहिलं. माझ्या लॅपटॉपवर हेच चित्र अगदी सुरळीत फिरत होतं.

मी बुलडाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या एका गावात विज्ञान शिकवतो. लोणार आम्हाला जवळ. बहुतेक पोरांनी सरोवर पाहिलंय, लोणासुराची गोष्ट त्यांना आजीकडून ठाऊक आहे, आणि जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर घरोघरी तेच बोलणं होतं. पण काठावर उभं राहिलं की विवराचा आकार नजरेत मावत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा उल्का आदळून काळ्या बेसाल्ट खडकात कसा पडला, हे समजायचं तर तो वरून, बाजूनं, तिरका करून पाहावा लागतो. पोरांकडं त्यासाठी साधन एकच, घरातला सात-आठ हजारांचा मोबाइल. त्यात नवीन अ‍ॅप टाकायला जागा उरलेली नसते, ब्राउझर मात्र असतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की उघडली पाहिजे, एवढीच माझी अट होती.

ब्राउझरची भाषा जावास्क्रिप्ट, आणि ती मुळातच हळू, असं मी बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. मीही तेच खरं मानून बसलो होतो. पुढच्या काही महिन्यांत जे कळलं ते वेगळं होतं. बेरीज-गुणाकार करायला या भाषेला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो आपण आकडे कसे रचून ठेवलेत, ते किती वेळा इकडून तिकडं हलवतो आणि कोणाचं काम कोणाच्या गळ्यात घालतो, यात. हे तिन्ही आपल्या हातात असतं, म्हणून सविस्तर सांगतोय.

आधी आकडे किती ते पाहू

जमिनीची उंची मोजून ठेवलेली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अमेरिकी यानानं ११ दिवसांच्या मोहिमेत पृथ्वीवरची बहुतेक जमीन रडारनं मोजली. एसआरटीएम या नावानं ती माहिती कोणालाही फुकट उतरवून घेता येते. ती तुकड्या-तुकड्यांत मिळते. एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश एवढ्या चौकोनाची एक फाइल, आणि त्यात अंशाच्या ३,६०० व्या भागावर एक नोंद. लोणार १९ उत्तर आणि ७६ पूर्व या कोपऱ्यापासून सुरू होणाऱ्या तुकड्यात येतं. त्या एका फाइलीत ३,६०१ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३,६०१ नोंदी असतात. गुणाकार केला तर १,२९,६७,२०१. म्हणजे सव्वा कोटीच्या वर उंच्या.

आता मोबाइलचा पडदा घ्या. ७२० गुणिले १,६०० ठिपक्यांचा पडदा म्हणजे एकूण ११,५२,००० ठिपके. पडद्याच्या एकेका ठिपक्यामागं अकरा उंच्या लावायच्या आणि त्यातली एकच दिसायची, याला काही अर्थ नाही. शिवाय या नोंदी जमिनीवर साधारण ३० मीटरच्या अंतरानं असतात, म्हणजे विवराच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत साठेकच नोंदी पडतात. मी मात्र पूर्ण तुकडा मोबाइलमध्ये ओतत होतो. विवर आणि आजूबाजूचा सहा किलोमीटरचा चौकोन कापून घेतला, तर २०० गुणिले २०० म्हणजे ४०,००० उंच्या पुरतात. सगळ्यात जास्त गती या एका कापणीनं मिळाली. तिच्यात प्रोग्रामिंगचं कौशल्य काहीच नाही.

फाइलीचा आकारही तिथंच उतरला. मी आधी प्रत्येक बिंदू अक्षांश, रेखांश, उंची असा मजकूर म्हणून लिहिला होता. प्रत्येक बिंदूला २६ अक्षरं, म्हणजे ४०,००० बिंदूंना दहा लाखांवर बाइट. पण बिंदू ठरलेल्या अंतरावर, ओळीनं असतील तर त्यांचं ठिकाण लिहायची गरजच काय? पहिला बिंदू कुठला आणि अंतर किती एवढं सांगितलं की बाकीचं मोजता येतं. उरते फक्त उंची, आणि उंचीला दोन बाइट पुरतात. एकूण ८०,००० बाइट. गावाच्या खालच्या आळीत, जिथं नेटवर्कची एखादीच काडी दिसते, तिथंही हे उघडतं.

मग ४०,००० वर तरी का अडलं?

पडदा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र मागतो. म्हणजे एका चित्रासाठी आपल्याला १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यातच बोट कुठं सरकलं ते वाचायचं, हिशेब करायचा आणि चित्र काढून द्यायचं. वेळ टळली की ते चित्र चुकतं, आणि दोन-चार लागोपाठ चुकली की डोळ्याला गचका जाणवतो. नव्या मोबाइलात पडदा सेकंदाला ९० किंवा १२० वेळा मागणी करतो, तिथं मुदत आणखी कमी.

माझा प्रोग्राम या १६.७ मिलिसेकंदांत ४०,००० बिंदूंपैकी प्रत्येकाला फिरवून त्याची नवी जागा काढत होता, आणि प्रत्येक नव्या जागेसाठी स्मृतीत एक नवीन डबा तयार करत होता. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे २४ लाख डबे दर सेकंदाला. पुढचं चित्र आलं की आधीचे ४०,००० डबे निकामी. ते गोळा करून जागा मोकळी करायचं काम ब्राउझर स्वतःच करतो, त्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. आजचे ब्राउझर हे काम तुकड्या-तुकड्यांत आणि जमेल तेवढं आडोशाला करतात, तरी इतका कचरा समोर आला की त्यांनाही हातातलं काम थांबवावं लागतं. मुलीला जो गचका बसला, त्यात या झाडलोटीचा वाटा मोठा होता.

उपाय साधा आहे. डबे एकदाच बनवायचे आणि तेच वापरायचे. दर चित्राला चालणाऱ्या भागात नवीन वस्तू तयारच होऊ द्यायची नाही. लिहायला थोडं कंटाळवाणं होतं, पण मोबाइलवर लगेच फरक दिसतो.

दुभाष्या आणि त्याचे अंदाज

जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली. पानावरचं बटण दाबलं की काहीतरी व्हावं, फॉर्म नीट भरलाय का ते तपासावं, असल्या कामांसाठी ती होती. त्यामुळं तिच्यात एखाद्या नावात आकडा आहे की मजकूर, हे आधी सांगावं लागत नाही. आज आकडा, उद्या मजकूर, परवा काहीच नाही, सगळं चालतं. माणसाला ते सोयीचं. यंत्राला मात्र प्रत्येक बेरजेआधी विचारावं लागतं, हे दोन्ही आकडेच आहेत ना?

२००८ मध्ये क्रोम ब्राउझर आला तो जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-एट नावाचं इंजिन घेऊन, आणि फायरफॉक्सनंही त्याच सुमारास आपलं इंजिन वेगवान केलं. ही इंजिनं आधी दुभाष्यासारखी काम करतात, ओळ वाचायची आणि ती पार पाडायची. पण एखादा भाग हजारो वेळा चालतोय असं दिसलं की ती त्याच्यावर लक्ष ठेवतात. इथं दर वेळी पूर्णांकच येतोय असं लक्षात आलं, की प्रत्येक वेळची सविस्तर चौकशी सोडून त्या भागाचं थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करून ठेवतात. मग तोच भाग कितीतरी पटींनी वेगानं धावतो. एक झटपट तपासणी मात्र राहते. कधी अंदाज चुकला तर ते रूपांतर टाकून द्यायचं आणि पुन्हा दुभाष्याकडं यायचं.

बाजार समितीत तुरीची पोती काट्यावर येतात ना, तसं आहे हे. सगळ्या पोत्यांत एकसारखी तूर आहे अशी खात्री असली की एका मागोमाग एक वजन होत जातं. एका पोत्यात खाली हरभरा निघाला, की पुढचं प्रत्येक पोतं उघडून बघितलं जातं.

माझं हरभऱ्याचं पोतं मला फार उशिरा सापडलं. एसआरटीएमच्या जुन्या आवृत्तीत जिथं रडारला परतीचा संकेत नीट मिळाला नाही, तिथं उंचीऐवजी -३२७६८ हा आकडा टाकलेला असतो. तो तसाच काढला तर नकाशात पाताळाएवढी विहीर दिसते. म्हणून मी त्याच्या जागी "काही नाही" असं मूल्य ठेवलं, ज्याला जावास्क्रिप्टमध्ये नल म्हणतात. वाचायला ते छान वाटतं. पण यादीत आकड्यांच्या मधे नल आलं की ती निव्वळ आकड्यांची यादी राहत नाही, काहीही असू शकेल अशी यादी होते. मग इंजिनाला प्रत्येक उंचीपाशी थांबून विचारावं लागतं. मूठभर नोंदींपायी सगळ्या बिंदूंचा हिशेब मंद झाला होता. मी त्या जागा शेजारच्या उंच्यांची सरासरी घेऊन भरल्या आणि यादीत फक्त आकडेच राहू दिले.

आकड्यांसाठी वेगळी कोठी

याहून पक्का उपाय म्हणजे टाइप्ड अरे. साध्या यादीत काहीही ठेवता येतं, टाइप्ड अरेमध्ये एकाच जातीचे आकडे, एकाला एक लागून, ठरलेल्या बाइटांत. इंजिनाला शंका घ्यायला जागाच उरत नाही. ही सोय जावास्क्रिप्टमध्ये आली तीच ग्राफिक्समुळं. ब्राउझरला ग्राफिक्स चिपशी बोलता यावं म्हणून मार्च २०११ मध्ये वेबजीएलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि चिपला मोजून-मापून बाइट द्यावे लागतात म्हणून ही कोठी बांधली गेली.

फरक किती पडतो? पूर्ण तुकड्यातल्या सव्वा कोटी उंच्या दोन-दोन बाइटांत ठेवल्या तर साधारण २६ एमबी होतात. जावास्क्रिप्टचा साधा आकडा आठ बाइटांचा, त्यात ठेवल्या तर १०४ एमबी. आणि प्रत्येक बिंदूसाठी स्वतंत्र वस्तू बनवली तर याच्या कितीतरी पट. दोन-तीन जीबी स्मृतीच्या मोबाइलमध्ये ब्राउझर तेव्हा काहीही न सांगता पान बंद करून टाकतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमकं तेच झालं.

इथं एक खाच आहे, ती जवळून दाखवतो. मी ती २६ एमबीची फाइल थेट १६ बिटांच्या, म्हणजे दोन बाइटांच्या, टाइप्ड अरेमध्ये घातली, आणि विवराच्या जागी काट्यांचं जंगल उगवलं. कुठं आठ हजार मीटर खोल, कुठं पंचवीस हजार मीटर उंच. एखादी उंची ४८० मीटर आहे असं धरा. दोन बाइटांत ती अशी बसते: १ गुणिले २५६, अधिक २२४. या फाइलीत मोठा बाइट आधी लिहिलेला असतो, १ आणि मग २२४. पण आपले मोबाइल आणि लॅपटॉप लहान बाइट आधी आहे असं समजून वाचतात. त्यांच्या लेखी हा आकडा २२४ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ५७,३४५ होतो. १६ बिटांत ऋण आकडेही मावावेत म्हणून ३२,७६७ च्या वरचे आकडे ऋण धरतात, त्यामुळं ५७,३४५ मधून ६५,५३६ वजा होऊन हाती येतं -८१९१. मोबाइल बिघडलेला नाही, फाइलही बरोबर आहे, फक्त बाइटांचा क्रम उलटा. डेटाव्ह्यू नावाच्या सोयीनं क्रम सांगून वाचता येतं. मी फाइल एकदाच सुलटी करून ठेवली, म्हणजे प्रत्येक मोबाइलवर ते काम पुन्हा नको.

रचून ठेवल्यावर वाचायचं कसं, हेही महत्त्वाचं. कापूस वेचताना बाई एक तास, म्हणजे झाडांची एक ओळ, धरते आणि त्याच तासानं शेवटपर्यंत जाते. एक झाड या तासातलं, पुढचं झाड शेजारच्या तासातलं, असं वेचलं तर तेवढाच कापूस वेचायला अख्खं वावर कितीदा तरी आडवं ओलांडावं लागेल. प्रोसेसरचंही तसंच आहे. तो स्मृतीतून एक आकडा मागवतो तेव्हा बहुधा ६४ बाइटांचा एक घास उचलून जवळ आणून ठेवतो. दोन बाइटांची उंची असेल तर एका घासात ३२ उंच्या येतात. ओळीनं गेलो तर पुढच्या ३१ उंच्या हाताशी तयार असतात. पूर्ण तुकड्यात स्तंभानं खाली गेलो तर पुढची उंची ७,२०२ बाइट लांब असते. प्रत्येक वेळी नवा घास, आणि त्यातली एकच उंची कामाची. प्रोग्राममध्ये ओळींचा आणि स्तंभांचा असे एकात एक दोन फेरे आहेत, त्यातला बाहेरचा आत आणि आतला बाहेर केला, बाकी एक अक्षरही बदललं नाही, तरी पूर्ण तुकड्याचा हिशेब डोळ्यांना जाणवेल इतका लवकर संपायला लागला. लहान मुलालाही समजेल अशी ही गोष्ट आहे, आणि तरी मी ती वर्षानुवर्षं चुकवत होतो.

फिरवायचं काम टोळीला द्या

मोबाइलात दोन प्रकारचे कामकरी असतात. मुख्य प्रोसेसर म्हणजे चार-आठ कसलेले कारागीर, कसलंही गुंतागुंतीचं काम सांगा. ग्राफिक्स चिप म्हणजे सोंगणीची मोठी टोळी. प्रत्येकाला एकच साधं काम, पण सगळे एकदम कामाला लागतात. ४०,००० बिंदू फिरवायचे, प्रत्येकाला तेच सूत्र लावायचं, हे टोळीचं काम. मी ते एका कारागिराकडून करून घेत होतो, आणि त्यानं केलेलं सगळं दर चित्राला टोळीच्या हवाली करत होतो.

वेबजीएलमध्ये उंच्या एकदाच चिपच्या ताब्यात द्यायच्या. फिरवण्याचं सूत्र एका छोट्या प्रोग्राममध्ये लिहायचं, त्याला शेडर म्हणतात. नंतर बोट सरकलं की चिपला फक्त नवा कोन कळवायचा. कोन, अंतर, दृष्टिकोन हे सगळं १६ आकड्यांच्या एका चौकटीत मावतं. चार-चार बाइटांचे १६ आकडे म्हणजे ६४ बाइट. आधी मी दर चित्राला ४०,००० बिंदूंचे प्रत्येकी तीन आकडे, म्हणजे ४,८०,००० बाइट पाठवत होतो. आता ६४.

काम सांगायचंही एकदाच. जमिनीची प्रत्येक पट्टी वेगळी काढायला सांगितली तर २०० ओळींच्या मधे १९९ हुकूम होतात. प्रत्येक हुकुमामागं ब्राउझर तपासणी करतो, कारण कुठल्याही अनोळखी पानाला चिपशी मनमानी करू देणं धोक्याचं आहे. चिप जमीन काढते ती छोटे त्रिकोण जोडून; ते सगळे त्रिकोण एका यादीत घातले की हुकूम एकच. २०० गुणिले २०० च्या जाळ्यात ७९,२०२ त्रिकोण होतात, आणि स्वस्त मोबाइलची चिपही ते आरामात काढते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. वेबजीएलच्या पहिल्या आवृत्तीत एका यादीत ६५,५३६ पेक्षा जास्त बिंदूंचा उल्लेख करायला वेगळी सोय मागावी लागते. ४०,००० त्याच्या आत बसतात. चौकोन ठरवताना ही मर्यादा डोळ्यांपुढं होती.

थरथरणारा काठ

एवढं झाल्यावर विवर फिरायला लागलं. मग दुसरी तक्रार आली. जवळ जाऊन पाहिलं की काठ थरथरतोय.

याचं कारण मला फार आवडलं, कारण ते शाळेतल्या गणिताचंच आहे. जावास्क्रिप्टचा आकडा ६४ बिटांचा असतो, त्यात पंधरा-सोळा अंक नीट मावतात. ग्राफिक्स चिप सहसा ३२ बिटांत काम करते, तिथं अंक साधारण सात. लोणारचं रेखांश ७६.५ च्या आसपास. ६४ ते १२८ या टापूत ३२ बिटांच्या दोन लागोपाठच्या आकड्यांमधलं अंतर ०.०००००७६ अंश असतं. लोणारच्या अक्षांशावर ते जमिनीवर साधारण ८० सेंटीमीटर भरतं. म्हणजे बिंदू हवा तिथं बसत नाही, ८० सेंटीमीटरच्या पायऱ्यांवर उड्या मारतो. दुरून कळत नाही, जवळ गेलं की थरथर दिसते.

मोजणीवाला शेत मोजताना साखळी मुंबईपासून लावत नाही, धुऱ्याच्या दगडापासून लावतो. तेच करायचं. विवराचा मध्य शून्य धरायचा, प्रत्येक बिंदूचं त्या मध्यापासूनचं अंतर मीटरमध्ये आधी जावास्क्रिप्टच्या ६४ बिटांत काढायचं, आणि ते लहान आकडे चिपला द्यायचे. थरथर गेली.

एक गोष्ट मात्र फक्त मोबाइलवरच दिसली. रंगाच्या शेडरमध्ये मी मध्यम अचूकता मागितली होती. लॅपटॉपची चिप असं सांगितलं तरी सहसा ३२ बिटच वापरते. मोबाइलच्या बऱ्याच चिप खरोखर १६ बिटांवर उतरतात, आणि १६ बिटांत २,०४८ च्या पुढं प्रत्येक पूर्णांकसुद्धा नीट मावत नाही. मध्यापासून तीन हजार मीटरवर जाईपर्यंत रंगांच्या पायऱ्या पडलेल्या दिसत होत्या. जास्त अचूकता मागितल्यावर त्या गेल्या. लॅपटॉपवर चाचणी करून ही चूक कधीच सापडली नसती.

फेरफार

लोणार झाल्यावर पोरांनी आपल्या गावचं पाणी कुठून कुठं जातं ते दाखवा असा हट्ट धरला. पाणलोटाचा हा हिशेब पूर्ण तुकड्यावर करावा लागतो, आणि १६.७ मिलिसेकंदांत तो होणं शक्य नाही. असं लांबलचक काम ब्राउझरमध्ये वेब वर्करला द्यायचं. तो पडद्यामागं वेगळा चालतो, त्यामुळं हिशेब सुरू असतानाही बोटाला चित्र दाद देतं.

त्याला २६ एमबी उंच्या द्यायच्या कशा? नेहमीच्या पद्धतीनं पाठवल्या तर ब्राउझर त्यांची नक्कल करून देतो. वेळ जातो आणि स्मृती दुप्पट लागते. पण टाइप्ड अरेमागची जागा हस्तांतरितही करता येते. वावर विकलं तर कोणी माती उचलून नेत नाही. तलाठ्याकडं फेरफार होतो, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, वावर जिथल्या तिथं. इथंही बाइट जागचे हलत नाहीत, मालक बदलतो. आणि फेरफार झाल्यावर जुन्या मालकाला त्या वावरात पाय ठेवता येत नाही. पाठवणाऱ्याच्या हाती उरलेल्या कोठीची लांबी शून्य होते. हे विसरून मी ती पुन्हा वाचायला गेलो आणि अर्धा दिवस घालवला.

दोघांनी एकच जागा सामाईक वापरायचीही सोय आहे. पण जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर नावाचा दोष उघड झाल्यावर ब्राउझरांनी ती बंद केली, आणि आता ती कडक अटींवरच मिळते. शाळेच्या कामाला तेवढ्या खटाटोपाची गरज नाही.

वेबअसेंब्लीबद्दल बरेच जण विचारतात. सी किंवा रस्टसारख्या भाषेत लिहिलेला हिशेब आधीच रूपांतर करून ब्राउझरला द्यायचा, अशी ही पद्धत. २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांत आली, डिसेंबर २०१९ मध्ये वेबचं अधिकृत मानक झाली. तिथं दुभाष्याला अंदाज बांधावे लागत नाहीत, म्हणून गती पहिल्यापासून एकसारखी मिळते. तयार वैज्ञानिक प्रोग्राम सी भाषेत पडून असेल तर तिचा मोठा आधार. पाणलोटाचा हिशेब मी त्यात करून पाहिला आणि फायदा झाला, पण टाइप्ड अरे आणि ओळीनं वाचणं या दोन बदलांनी जेवढा झाला होता तेवढा नाही. वेबजीएलच्या पुढची सोय, वेबजीपीयू, २०२३ मध्ये क्रोममध्ये आली. त्यात चित्र न काढता नुसता हिशेबही टोळीकडून करून घेता येतो. ती भरात येईल, पण माझ्या पोरांच्या घरातल्या जुन्या मोबाइलवर आज तिचा भरवसा धरता येत नाही.

मोजायचं कुठं आणि कधी

ज्यावर चालायला हवं, त्याच मोबाइलवर मोजा. यूएसबी केबलनं मोबाइल लॅपटॉपला जोडला की क्रोममध्ये मोबाइलवरच्या पानाची नाडी लॅपटॉपवर दिसते. कुठल्या चित्राला किती मिलिसेकंद लागले, त्यातले हिशेबात किती, कचरा उचलण्यात किती, सगळं. सरासरीवर जाऊ नका. सरासरी दहा मिलिसेकंद असली आणि दर सेकंदाला एक चित्र शंभर घेत असलं, तर डोळ्याला ते शंभरच टोचतात.

आणि आपल्याकडं ऊनही मोजावं लागतं. डिसेंबरात जो मोबाइल सुरळीत चालत होता, तोच मार्चअखेर, सकाळची शाळा सुरू झाल्यावर, अकराच्या सुमारास अडखळायला लागला. मोबाइल तापला की जळू नये म्हणून प्रोसेसर आणि चिप आपली गती स्वतःच उतरवतात. थंड खोलीत दोन मिनिटं चालवून पाहिलेली गती विदर्भातल्या उन्हाळ्यात खरी धरता येत नाही. मी आता दहा मिनिटं सलग फिरवून, शेवटच्या मिनिटातले आकडे बघतो.

त्यावर एक तोड काढली. ७२० ठिपके रुंदीच्या पडद्याला ब्राउझर बहुधा ३६० एकक रुंद मानतो, म्हणजे एका एककात आडवे दोन आणि उभे दोन ठिपके. बोट सरकत असताना मी एका एककाला एकच ठिपका काढतो. काम चौथाईवर येतं, चित्र किंचित भरड दिसतं, पण फिरत्या चित्रात ते कोणाच्या लक्षात येत नाही. बोट उचललं की एकदा पूर्ण बारकाईनं काढतो आणि थांबतो. काहीच बदलत नसताना सेकंदाला साठदा तेच चित्र काढून मोबाइल तापवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला मी तेही करत होतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पंखा बंद होता, लाइट गेलेली. तीच मुलगी, तोच मोबाइल. तिनं विवर सावकाश फिरवलं, तिरकं केलं, ईशान्येकडच्या काठावर दोन बोटांनी जवळ आणलं. तिथं काठाला एक घळ पडलेली दिसते. ती तिनं थोडा वेळ निरखली आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"हे पाह्य नं वं, इथून धार पडते. आपण सहलीला गेलो तं इथंच तं उतरलो होतो."